‘बिल’ : शब्द एक, कागद अनेक

संध्याकाळच्या वेळी बाजारातल्या कोणत्याही चहाच्या टपरीवर दहा मिनिटे बसा. एक ठेकेदार आनंदाने सांगत असतो, “चला, बिल पास झाले!” म्हणजे नगरपालिकेकडे अडकलेले त्याचे पैसे सुटले. शेजारच्या बाकावर वर्तमानपत्र वाचणारे गृहस्थ म्हणतात, “विधानसभेत बिल पास झाले.” म्हणजे नवा कायदा होऊ घातला आहे. तेवढ्यात हॉटेलवाला विचारतो, “बिल कोणाच्या नावावर?” आणि एखाद्याच्या माथी दुसऱ्याची चूक मारली गेली असेल तर तो कुरकुरतो, “सगळे बिल माझ्याच नावावर फाडले!”

शब्द एकच, पण प्रत्येकाच्या तोंडी त्याचा अर्थ निराळा. चहाच्या टपरीवर या घोळाने कोणाचे काही बिघडत नाही. धंद्यात मात्र बिघडते. बिल आणि पावती यांतला फरक न कळल्यामुळे दिलेले पैसे पुन्हा द्यावे लागतात. बिल आणि चलन यांतला फरक न कळल्यामुळे मालाची गाडी नाक्यावर अडते. लाईट बिल म्हणजे मालकी असे समजून आयुष्याची कमाई एखाद्या खोलीत घातली जाते आणि नंतर कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. म्हणून हा रोजच्या तोंडातला इंग्रजी शब्द आज थोडा उलगडून पाहू.

शब्द आला कुठून?

‘बिल’ या शब्दाचे मूळ मध्ययुगीन लॅटिन भाषेतल्या ‘बुल्ला’ या शब्दात आहे. ‘बुल्ला’ म्हणजे गोल वस्तू, बुडबुडा आणि त्यावरून कागदाला लावलेली गोल मोहर. पुढे मोहर लावलेल्या कागदालाच तो शब्द लागू झाला आणि इंग्रजीत त्याचे ‘बिल’ झाले. पोपांच्या मोहरबंद फर्मानाला आजही ‘बुल’ म्हणतात, तो याच शब्दाचा भाऊ. पक्ष्याच्या चोचीलाही इंग्रजीत ‘बिल’ म्हणतात, पण तो शब्द वेगळ्या मुळाचा आहे. आपल्याकडचे उंदराचे बीळ तर आणखी निराळे.

हे मूळ लक्षात ठेवले की पुढचे सर्व अर्थ सोपे होतात. बिल म्हणजे मुळात ‘काहीतरी अधिकृतपणे सांगणारा लेखी कागद’. तो पैसे मागत असेल तर देयक, पैसे देण्याचा हुकूम देत असेल तर हुंडी, माल जहाजावर चढल्याचे सांगत असेल तर बिल ऑफ लेडिंग, कायद्याचा मसुदा मांडत असेल तर विधेयक. भिंतीवर चिकटवायच्या जाहिरातीच्या कागदालाही इंग्रजीत बिलच म्हणतात, त्यावरून ‘हँडबिल’ आले. अमेरिकेत तर डॉलरच्या नोटेलाही बिल म्हणतात. तिकडचा ग्राहक ‘दहाचे बिल’ म्हणाला तर तो दहाची नोट म्हणतो आहे, हे परदेशी व्यवहार करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

बिल म्हणजे मागणी, पावती नव्हे

सर्वांत पहिला घोटाळा येथेच होतो. बिल हे पैशाची मागणी करते. ‘मी अमुक माल दिला, त्याचे इतके रुपये येणे आहेत’ एवढेच ते सांगते. पैसे पोचले की नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही. पैसे पोचल्याचा पुरावा म्हणजे पावती. किराणा दुकानातल्या ‘कॅश मेमो’त दोन्ही गोष्टी एकाच कागदावर असतात, कारण तेथे माल आणि पैसा यांची देवघेव जागच्या जागी होते. उधारीच्या बिलात तसे नसते.

समजा, एखाद्या जरीकाम करणाऱ्या कारागिराने व्यापाऱ्याकडून तीस हजारांचा कच्चा माल उधार घेतला. महिन्याने जाऊन पैसे रोख दिले. व्यापारी म्हणाला, “बिल तुमच्याकडेच आहे ना? झाले तर मग.” दोघेही भले माणूस, दोघेही निश्चिंत. उद्या व्यापाऱ्याचे निधन झाले आणि मुलाने वही उघडली, तर त्याच्या हिशेबी तीस हजार येणेच आहेत. कारागिराच्या हातातले बिल उलट त्याच्याविरुद्धच बोलते : माल घेतला, हे त्यावर लिहिले आहे, पैसे दिले, हे कोठेच नाही. म्हणून पैसे दिल्यावर निदान त्याच बिलावर ‘रक्कम पोचली’ असे लिहून तारीख व सही घ्यावी. पाच हजारांवरील पावतीला एक रुपयाचे महसुली तिकीट लावावे लागते, हेही विसरू नये.

व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आपल्या वाचकांना नवी नाही. पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह अल-बकरामधील २८२ वी, हीच मुळी मुदतीच्या देण्याघेण्याची लिखापढी करण्याविषयी आहे. हातोहात चालणारा व्यवहार न लिहिल्यास हरकत नाही, मात्र मुदतीचा व्यवहार लिहा आणि साक्षीदार ठेवा, असा तिचा आशय आहे. म्हणजे रोखीचा व्यवहार वेगळा आणि उधारीचा वेगळा, हा भेद आपल्या घरातलाच आहे. तरीही प्रत्यक्षात आपण ‘जबान दिली’ यावर लाखांचा माल सोडतो, हा भाग निराळा.

कच्चे बिल, पक्के बिल

बाजारात ‘कच्चे’ आणि ‘पक्के’ असे दोन शब्द सर्रास चालतात. ‘एस्टिमेट’ असे छापलेल्या चिठ्ठीवर माल विकला जातो आणि तिलाच बिल म्हटले जाते. वास्तविक एस्टिमेट किंवा कोटेशन म्हणजे केवळ अंदाज. व्यवहार होण्याआधीचा कागद. चलन म्हणजे माल पाठवल्याची चिठ्ठी. त्यावर विक्री झालेली असेलच असे नाही. यंत्रमागावर कापड विणण्यासाठी पाठवलेले सूत किंवा भरतकामासाठी पाठवलेले कापड चलनावर जाते, कारण मालकी बदललेली नसते. विक्री झाली की मग बिल.

१ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाल्यावर पक्क्या बिलाचेही दोन प्रकार झाले आहेत. नोंदणी असलेला व्यापारी करपात्र माल विकतो तेव्हा तो ‘टॅक्स इन्व्हॉइस’ देतो. करमाफ माल विकणारा किंवा कंपोझिशन योजनेत असलेला व्यापारी ‘बिल ऑफ सप्लाय’ देतो. कंपोझिशनवाल्याला ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही आणि तशी सूचना त्याने बिलाच्या माथ्यावर लिहायची असते. ज्याची नोंदणीच नाही, त्याला तर बिलात जीएसटी लावण्याचा अधिकारच नाही. त्यामुळे कोणी बिलात कर लावला असेल तर त्याचा नोंदणी क्रमांक अवश्य पाहावा. हा क्रमांक पंधरा अक्षर-अंकांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७. पुढील दहा अक्षरे म्हणजे त्या धंद्याचा पॅन. हा क्रमांक खरा की खोटा, हे जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट तपासता येते.

मालाच्या टॅक्स इन्व्हॉइसच्या तीन प्रती असतात : मूळ प्रत ग्राहकाला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी आपल्या फायलीला. बिलावर चढता अनुक्रमांक, तारीख, दोन्ही पक्षांची नावे-पत्ते, मालाचे वर्णन, नग किंवा वजन, दर, कर आणि सही या गोष्टी असल्याच पाहिजेत. ‘कापड, एक गठ्ठा’ असे मोघम लिहिलेले बिल भांडणाच्या वेळी कुचकामी ठरते. किती मीटर, कोणत्या पन्ह्याचे, कोणत्या दराने, हे लिहा.

“बिल नको असेल तर थोडे कमी द्या,” हे वाक्य प्रत्येक बाजारात ऐकू येते. विनाबिलाचा माल त्या दिवशी स्वस्त वाटतो. पण माल खराब निघाला तर तक्रार कोणत्या आधारावर करणार? चोरी झाली, आग लागली, तर विमा कंपनीला काय दाखवणार? बँकेकडे कर्ज किंवा सरकारी योजनेसाठी गेलात, तर धंदा केवढा, हे कशावरून सांगणार? वर्षभर लाखोंची उलाढाल करणारा कारागीर कागदावर बेकार दिसतो, तो या विनाबिलाच्या धंद्यामुळे.

याच्या उलट टोकाचा धोका आणखी मोठा आहे. माल न देता नुसते बिल देणे किंवा घेणे, म्हणजे ज्याला बोगस बिलिंग म्हणतात, हा जीएसटी कायद्याने गुन्हा आहे. काही लबाड लोक गरीब माणसाला चार पैशांचे आमिष दाखवून त्याचे आधार व पॅन घेतात आणि त्याच्या नावावर पेढी उघडून लाखोंची बिले फाडतात. नोटीस येते ती त्या गरिबाच्या दारात. ‘फक्त सही करा, बाकी आम्ही पाहतो’ असे म्हणणाऱ्याला आपले कागद कधीही देऊ नका.

किरकोळ ग्राहकाच्या बाबतीतही बिल ही मेहेरबानी राहिलेली नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल किंवा कॅश मेमो न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तसेच ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे बिलावर छापले म्हणून सदोष मालाची जबाबदारी झटकता येत नाही. बिलात परतीची मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, आणि नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच मानली जाते.

उधारीचे बिल आणि पंचेचाळीस दिवस

कारागिराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग हा. माल दिला, बिल दिले, पैसे मात्र सहा-सहा महिने येत नाहीत. अशा वेळी आपण आपली वही पुढे करतो. पण साक्षीच्या कायद्यानुसार केवळ स्वतःच्या वहीतली नोंद दुसऱ्यावर देणे सिद्ध करायला पुरेशी नसते; तिला दुसऱ्या पुराव्याचा आधार लागतो. तो आधार म्हणजे समोरच्याच्या सहीचे चलन किंवा बिल. म्हणून माल पोचवणाऱ्या मुलाला सांगून ठेवा : दुसऱ्या प्रतीवर ‘माल मिळाला’ अशी सही, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नको.

विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा करण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षे आहे. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने ‘इतकी रक्कम देणे आहे’ असे सहीनिशी लिहून दिले, तर त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. दरवर्षी हिशेब मिळवून त्यावर सही घेण्याची जुन्या पेढ्यांची पद्धत होती, तिच्यामागे हेच शहाणपण होते.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात याहून चांगले संरक्षण आहे. लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांपलीकडे नाही. आणि करार नसेल तर पंधरा दिवसांत, खरेदीदाराने पैसे चुकते केले पाहिजेत. मालाविषयी काही तक्रार असेल तर तीही त्याने पंधरा दिवसांत लेखी कळवायची असते. सहा महिन्यांनी ‘तुमचा माल हलका होता’ असे म्हणून बिल कापता येत नाही. पैसे न दिल्यास सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते आणि ती ऑनलाइनही होते. कायद्याने उशिराबद्दल जबर व्याजही ठेवले आहे. ज्यांना व्याज घ्यायचे नसेल त्यांना आपली मुद्दल मागण्यास काहीच अडचण नाही.

मात्र यासाठी ‘उद्यम’ नोंदणी हवी, आणि ती माल देण्याच्या आधी केलेली हवी. नोंदणी विनामूल्य आहे; त्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालांच्या नादी लागू नये. आणखी एक गोष्ट : हे संरक्षण माल तयार करणाऱ्यांना व सेवा देणाऱ्यांना आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरती. थकलेल्या बिलाच्या वसुलीसाठी नव्हे. आपल्या बिलावर उद्यम क्रमांक छापून घ्या. २०२३ च्या वित्त कायद्याने अशीही तरतूद केली की, या मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत आपल्या आयकराच्या हिशेबात खर्च म्हणून वजा करता येत नाही. त्यामुळे तो क्रमांक पाहून मोठ्या पेढ्यांचा मुनीमही आता जरा लवकर हलतो.

हुंडी म्हणजेच बिल

‘बिल ऑफ एक्स्चेंज’ हे नाव ऐकून पुष्कळजण बिचकतात. पण ही चीज आपल्या ओळखीची आहे. ती म्हणजे हुंडी. ‘अमक्याला इतके रुपये द्यावेत’ असा बिनशर्त लेखी हुकूम, त्याखाली लिहिणाऱ्याची सही. लिहिणारा, ज्याच्यावर लिहिली तो आणि ज्याला पैसे मिळायचे तो, असे तीन पक्ष. अब्बासी काळात बगदादच्या बाजारात ‘सुफ्तजा’ नावाचा असाच कागद चालत असे. वाटेत लूटमारीचे भय असल्याने व्यापारी नाणी बरोबर न नेता हा कागद नेत आणि दुसऱ्या शहरी पैसे घेत.

आपल्याकडच्या हुंडीचेही प्रकार आहेत. दाखवताच पैसे मिळतात ती दर्शनी. मुदतीनंतर मिळतात ती मुद्दती. बाजारातल्या प्रतिष्ठित शहालाच जिचे पैसे द्यायचे ती शाहजोग. हुंडी हरवली तर दुसरी प्रत, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ. १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम, ज्याला वकील मंडळी एन. आय. अ‍ॅक्ट म्हणतात, तो करताना इंग्रजांनीसुद्धा देशी भाषांतल्या हुंड्यांची स्थानिक रूढी मोडली नाही. हल्ली हुंडी-हवाला हे शब्द बेकायदा पैसे पाठवण्याच्या धंद्याला लावले जातात, ती गोष्ट वेगळी. व्यापारी हुंडी हा कायदेशीर दस्तऐवज आहे.

मुदतीच्या बिलावर समोरच्याने ‘स्वीकारले’ म्हणून सही केली की तो बांधला जातो. तेव्हा कोणी असा कागद पुढे केल्यास ‘नुसते बिल आहे’ म्हणून सही करू नका. दुकानाचे बिल स्वीकारणे म्हणजे माल मिळाल्याची कबुली. बिल ऑफ एक्स्चेंज स्वीकारणे म्हणजे ठरल्या दिवशी ती रक्कम देण्याची हमी. मुदत मोजताना तीन दिवस सवलतीचे धरतात. १ जूनला लिहिलेले दोन महिन्यांचे बिल १ ऑगस्टला नव्हे, तर ४ ऑगस्टला देय होते. असे बिल मुदतीआधी बँकेला देऊन थोडी कमी रक्कम घेणे, यालाच बिल वटवणे म्हणतात. ती जी रक्कम कापली जाते ती मुदतीपोटी कापली जाते. ज्यांना व्याजाचा व्यवहार टाळायचा आहे त्यांनी सहीपूर्वी जाणकार आलिमांना जरूर विचारावे.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. कायद्याच्या भाषेत चेक हासुद्धा बिल ऑफ एक्स्चेंजच आहे. फक्त तो बँकेवर लिहिलेला आणि मागताक्षणी देय असतो. मात्र चेक न वटल्यास होणारी फौजदारी कारवाई, म्हणजे कलम १३८, ही चेकपुरतीच आहे. साध्या थकलेल्या बिलासाठी ती लागू होत नाही. हे कलम १ एप्रिल १९८९ पासून आले. चेक परत आल्याचे बँकेने कळवल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते; नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पंधरा दिवस मिळतात; तरीही पैसे न आल्यास त्यानंतर एक महिन्यात न्यायालयात तक्रार करावी लागते. ‘आज देतो, उद्या देतो’ या बोलण्यात हे तीस दिवस सहज निघून जातात. चेक तीन महिन्यांच्या आत भरायला हवा, हेही लक्षात असू द्या.

मालाबरोबर जाणारी बिले

मालाची गाडी निघाली की आणखी काही बिले तिच्यासोबत येतात. पहिले ई-वे बिल. नाव बिल असले तरी यात पैशाची मागणी नाही. ‘अमुक माल, अमुक गाडीतून, अमुक ठिकाणी चालला आहे’ अशी संगणकावर केलेली ती नोंद आहे. पन्नास हजारांहून अधिक किमतीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना ते लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाख आहे. दुसऱ्या राज्यातल्या कारागिराकडे जॉबवर्कसाठी माल पाठवताना मात्र किंमत कितीही असो, ई-वे बिल लागते. साधारण दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. ते नसताना गाडी पकडली गेली, तर मालाचा मालक पुढे आला तरी त्यालाही कराच्या दुप्पट दंड भरून माल सोडवावा लागतो.

दुसरी बिल्टी. ही ट्रान्सपोर्टवाल्याची पावती; तिला एल. आर.ही म्हणतात. बिल्टी म्हणजे मालाचे बिल नव्हे. ती माल गाडीत चढल्याचे सांगते. मालाची किंमत कोण देणार, हे तिच्यावरून ठरत नाही.

समुद्रमार्गे माल पाठवणाऱ्यांसाठी सर्वांत मोलाचा कागद म्हणजे बिल ऑफ लेडिंग. तो तीन कामे करतो : माल जहाजावर चढल्याची पावती, वाहतुकीच्या कराराचा पुरावा आणि मालाच्या हक्काचा दस्तऐवज. तिसरे काम फार महत्त्वाचे. ज्याच्या हाती मूळ बिल ऑफ लेडिंग, त्यालाच बंदरावर माल मिळतो. सहसा त्याच्या तीन मूळ प्रती निघतात आणि त्यांतली एक दाखवून माल उचलला की उरलेल्या दोन निकामी होतात. म्हणून पैसे हाती येण्यापूर्वी परदेशी गिऱ्हाइकाला ‘माल लवकर सुटावा’ म्हणून मूळ प्रत थेट पाठवणे म्हणजे तिजोरीची किल्ली देण्यासारखे आहे. ही प्रत बँकेमार्फतच जावी. विमानाने जाणाऱ्या मालाच्या एअर वे-बिलात मात्र हा गुण नाही. तो हक्काचा दस्तऐवज नसतो. भारतात १८५६ पासून चालत आलेला बिल ऑफ लेडिंगचा कायदा जाऊन २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा झाला आहे.

आणखी दोन नावे नेहमी उलटसुलट होतात. परदेशातून येणाऱ्या मालाची कस्टमकडे नोंद ‘बिल ऑफ एंट्री’ने होते, तर परदेशी जाणाऱ्या मालाची ‘शिपिंग बिल’ने. आत येणारी ‘एंट्री’, बाहेर जाणारी ‘शिपिंग’, असे लक्षात ठेवले की गोंधळ होत नाही. न्हावा-शेवा बंदरातून माल पाठवणाऱ्या छोट्या निर्यातदाराने आपल्या एजंटाकडून शिपिंग बिलाची प्रत मागून घ्यावी, कारण निर्यातीचा परतावा मिळवताना तीच कामी येते.

लाईट बिल आणि घरपट्टी

गाळा किंवा खोली घेताना आपल्या लोकांची सर्वांत मोठी फसगत येथे होते. विकणारा लाईट बिल दाखवतो, घरपट्टीचे बिल दाखवतो आणि म्हणतो, “बघा, माझ्या नावावर आहे.” घेणाऱ्याला वाटते, सरकारी कागद आहे, म्हणजे जागा याचीच.

तसे नाही. लाईट बिल एवढेच सांगते की, या मीटरची वीज या माणसाच्या नावाने वापरली जाते. भाडेकरूच्या नावावरही मीटर असू शकतो. घरपट्टीचे बिल एवढेच सांगते की, पालिका कर या नावाने मागते. या नोंदींनी मालकी मिळत नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे. पत्त्याचा किंवा वहिवाटीचा पुरावा म्हणून या बिलांची किंमत आहे. ती जपून ठेवावीत. पण जागा विकत घेताना नोंदणीकृत खरेदीखत, आधीच्या व्यवहारांची साखळी आणि सब-रजिस्ट्रार कचेरीतला शोध, हे पाहिल्याशिवाय बयाणासुद्धा देऊ नये. मुलीच्या लग्नासाठी जमवलेले, परदेशातून भावाने पाठवलेले पैसे दोन लाईट बिलांच्या भरवशावर जातात, याहून दुःखाची गोष्ट कोणती?

विधिमंडळातले बिल

शेवटी वर्तमानपत्रातले बिल. संसदेत किंवा विधानसभेत मांडलेला कायद्याचा मसुदा म्हणजे बिल, मराठीत विधेयक. ते मांडले म्हणजे कायदा झाला नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ते मंजूर करावे लागते, राष्ट्रपतींची संमती लागते आणि त्यानंतरही कायदा कोणत्या तारखेपासून लागू, हे ठरवावे लागते. जीएसटीचेच उदाहरण घ्या. २०१४ मध्ये १२२ वे घटनादुरुस्ती विधेयक म्हणून ते मांडले गेले. २०१६ मध्ये १०१ वी घटनादुरुस्ती म्हणून मंजूर झाले. आणि प्रत्यक्ष कर सुरू झाला १ जुलै २०१७ ला. विधेयकाचा क्रमांक वेगळा, कायद्याचा वेगळा आणि मधे अडीच वर्षांचा काळ. म्हणून ‘बिल आले’ एवढ्या बातमीवर घाबरून माल विकून टाकू नये किंवा साठाही करू नये. कोणत्या टप्प्यावर आहे, हे आधी विचारावे.

चार प्रश्न

वाचक बांधवांनो, सर्व नावे पाठ करण्याची गरज नाही. कोणीही ‘हे बिल आहे’ म्हणून कागद पुढे केला की मनाशी चार प्रश्न विचारा. हा कागद पैसे मागतो, की पैसे मिळाल्याचे सांगतो, की पैसे देण्याची हमी घेतो? याच्यावर कोणाची सही आहे आणि माझी सही का हवी आहे? यात तारीख, नग आणि रक्कम स्पष्ट आहे का? उद्या भांडण झाले तर हा कागद माझ्या बाजूने बोलेल, की माझ्या विरुद्ध?

उत्तर कळले नाही तर सहीला एक दिवस थांबा आणि जाणत्या माणसाला दाखवा. इमानदारीने धंदा करणाऱ्याला कागदाचे भय नसते. उलट कागद हा त्याच्या इमानाचा साक्षीदार असतो. हातात हुनर आहे, मेहनतीची तयारी आहे. त्याच्या जोडीला एक बिलबुक, एक पावतीबुक आणि ती वर्षानुवर्षे जपून ठेवण्याची शिस्त असू द्या. दुकानात नवा मुलगा कामाला लागला की त्याला पहिल्या आठवड्यात मोजमाप शिकवतो, तसे त्याला हेही शिकवा की माल द्यावा बिलावर आणि पैसे घ्यावेत पावतीवर.